ड्यूटीचं हिरवं लुगडं

वच्छलेचा गुडघा सुपेल्याच्या बाजारात गेला.

त्या वर्षी भिलाईत रस्ता म्हणावा असं थोडंच काही होतं. आज पायाखाली असलेली जमीन उद्या नळासाठी खणलेली, परवा बुजवलेली, आणि चरावर टाकलेली फळी तेरवा कोणाच्या तरी चुलीत गेलेली. वच्छला भाजीची पिशवी घेऊन अशाच एका चराच्या काठाशी आली, नेहमीची फळी दिसली नाही म्हणून तिनं पदर खोचला आणि उडी मारली. पलीकडे ओला मुरूम होता. भाजी वाचली, गुडघा वाचला नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो तिच्या ओळखीचा नव्हता. उभा राहायचा, कसाबसा चालायचा, पण वाकायचं नाव घ्यायचा नाही. ती ओसरीवर बसली की नाटकातल्या भालदाराच्या काठीसारखा समोर ताठ. पडून पडून अंगही सुटलं होतं. पाण्याची बादली मोरीपर्यंत नेली की भिंतीला टेकून श्वास घ्यावा लागायचा. चाळिशीही गाठली नव्हती, आणि उठता-बसता तोंडातून म्हातारीचे आवाज निघायला लागले होते.

वच्छला मूळची वैनगंगेकाठच्या पवनीची. नवरा गुलाबराव मिस्त्री. कारखान्याचं काम निघालं तेव्हा तो करणी-ओळंबा घेऊन भिलाईला आला आणि मागाहून बायको-पोरीला घेऊन आला. पहिली भट्टी पेटली त्या दिवशी आभाळ तांबडं झालं, तेव्हा त्यानं लेकीला, कांतेला, खांद्यावर घेऊन ते दाखवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेला. वच्छलेला हॉस्पिटलात आयेचं काम मिळालं आणि कामासोबत दीड खोलीचं क्वार्टर. काम टेंपरवारी होतं. दिवाळीनंतर सगळ्या टेंपरवारी आयांची मेडिकल व्हायची होती. पास झाली ती पर्मनंट.

आता आयेचं काम म्हणजे सगळं उकिडवं बसण्याचं काम. खाटेखालून भांडं काढायचं, फरशी पुसायची, पोराला न्हाऊ घालायचं. जी आया बसू शकत नाही ती आया कसली? मेडिकलला डॉक्टर पहिलं तेच सांगणार होते, बसा आणि उठा. वच्छला बसू शकली नाही तर काम जाणार, कामासोबत क्वार्टर जाणार, आणि मायलेकींना पवनीला भावाकडे परतावं लागणार. भाऊ सोन्यासारखा होता. पण त्याच्या घरात दोन खोल्या, त्यातली एक हातमागानं अडवलेली. आणि इथं शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या कांतेचं पुढचं शिक्षण त्या मागाशी बसूनच झालं असतं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई नागपूरच्या होत्या. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, वच्छलेला बाकाभोवती एक फेरी मारायला लावली आणि तिची धाप ऐकली. मग त्यांनी औषधाचं नाव न काढता विचारलं, "पोहता येतं?"

"पवनीची आहो मी. लहानपणी भोपळा बांधून शिकली वैनगंगेत."

"मग पोहा. त्या रशियन इंजिनियर लोकांसाठी तलाव बांधलाय ना, तिथं सकाळी बायकांची वेळ असते. तुम्ही हॉस्पिटलचं माणूस आहात, तुम्हालाही जाता येतं. रोज जायचं. या टोकापासून त्या टोकाला, त्या टोकापासून या टोकाला. पाण्यात पायावर भार येत नाही. गुडघा सुटेल आणि ही धापही जाईल."

वच्छलेनं थोडा विचार केला. "पण डॉक्टरबाई, कोठी जायचं हाय?"

"कुठंच नाही."

"कुठंच जायचं नाई तं मंग रोज जायचं कावून?"

डॉक्टरबाई हसल्या, पण चिठ्ठी लिहूनच दिली.

तलावाच्या देखरेखीला आनंदराव नावाचे एक गृहस्थ होते. वर्ध्याकडचे, बुशशर्टाच्या खिशाला पेन, डोक्याला तेल. पाणी मोजून मिळण्याचे ते दिवस. कारखाना एकीकडे नदी पीत होता आणि दुसरीकडे वस्तीत नळावर भांडणं होत होती. अशा गावात एवढा मोठा निळाशार तलाव भरलेला ठेवायचा म्हणजे आनंदरावांच्या जिवाला घोर. पाण्यावर पान पडलं तरी ते स्वतः जाळी घेऊन धावायचे. चिठ्ठी वाचून त्यांनी वच्छलेला नळाखाली पाय धुवायला सांगितलं आणि कौतुकानं म्हणाले की, आपल्या लोकांतल्या तुम्ही पहिल्याच.

आपल्या लोकांतली पहिलीच, म्हणूनच तर वच्छला नटून आली होती. चार परक्या बायकांत जायचं, त्यातून त्या रशियन, तर अंगावर धड वस्त्र नको? घरातली दोन जुनी लुगडी इतकी विरलेली होती की पाण्यात गेल्यावर अंगावर काय उरेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा तिनं ट्रंकेतून भावानं भाऊबिजेला दिलेलं, अजून घडी न मोडलेलं वांगी रंगाचं लुगडं काढलं. नवं लुगडं पहिल्या धुण्यात रंग सोडतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. विणकराची लेक ती. पण ती लुगडं धुवायला चाललीच नव्हती, पोहायला चालली होती. ही दोन्ही कामं पाण्याच्या लेखी एकच, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

तिनं पाण्याला हात लावून कपाळाला लावला, शिडी धरून उतरली आणि अंग सोडून दिलं. पहिली गंमत अशी झाली की ती जागची हलली नाही. वैनगंगेत अंग सोडलं की नदी घेऊन जायची. इथलं पाणी ताटातल्या पाण्यासारखं थंड बसलेलं. दुसरी गंमत, लुगड्यात हवा शिरून ते फुग्यासारखं वर आलं, मग ओचा सुटला, मग पदर पायात गुंतला. ती काठाचा गज धरून ते सावरतेय तोवर तिसरी गंमत सुरू झाली होती. तिच्याभोवती जांभळाची पाटी उलटल्यागत रंग पसरत चालला होता.

रशियन बायका एकेक करून वर आल्या. एकीच्या गोऱ्या दंडावर जांभळे ओघळ होते. ती तावातावानं काही बोलत होती. दुसरी, गालिना नावाची धिप्पाड बाई, स्वतःच्या हाताकडे बघून पोट धरून हसत होती. आनंदराव काठावर उभे होते आणि त्यांचा चेहरा घरात चोरी झालेल्या माणसासारखा झाला होता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

ओलं लुगडं निथळत वच्छला घरी आली, तर शेजारच्या सिंधुताई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या. सिंधुताईंचे यजमान रेल्वेत गार्ड, पुढे कारखान्याच्या यार्डात आलेले. सिंधुताई वयानं मोठ्या, जिभेनं त्याहून मोठ्या. कोणाच्या घरी काय शिजलं आणि का जळलं, हे त्यांना ओसरीवर बसून कळायचं.

"काय वो, रशियाले रंगवून आली म्हणतात?" त्यांनी विचारलं.

वच्छला रडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती खांबाला टेकून, पाय समोर ताठ ठेवून रडायला लागली, तेव्हा सिंधुताईंनी सूप बाजूला ठेवलं आणि लुगडं हातात घेतलं. मग दोन-तीन दिवस त्या लुगड्याची त्यांनी अशी सेवा केली की विचारू नका. मिठाच्या पाण्यात घातलं, तुरटीच्या पाण्यात घातलं, उन्हात टाकलं, पुन्हा धुतलं. बादली आपली दर वेळी जांभळीच. शेजारणी जमून सल्ले देऊ लागल्या. एकीनं म्हटलं, त्या बायांसारखा आखूड झगा शिवून घे. यावर सगळ्या इतक्या हसल्या की सल्ला देणारीही हसली आणि विषय तिथंच मिटला.

हे सगळं पलीकडच्या ओसरीवरून नत्थू ऐकत होता.

नत्थू साकोलीकडचा, झाडीपट्टीतला. कारखान्यात खलाशी, लोखंडी खांब दोरखंडांनी उभे करायचे, त्यांच्या टोकाशी चढून नट आवळायचे, हे त्याचं पोटाचं काम. जिवाचं काम वेगळं होतं. त्याच्या मुलखात खडी गंमत चालते. ढोलकी, शाहीर आणि बायकांचं काम करणारे गडी. नत्थू त्यातली बाई व्हायचा. आणि काय व्हायचा! मिशी काढलेला तो रुंद खांद्यांचा गडी कमरेवर हात ठेवून वळला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आपलाच पदर नीट करायच्या. कारखान्यात लोक त्याला वहिनी म्हणून चिडवायचे. तोही "काय भाऊजी" म्हणून उत्तर द्यायचा, मग चिडवणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

तो घरात गेला आणि कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं एक लुगडं घेऊन आला.

"वच्छलाबाई, हे घ्या. बारा गावच्या तळ्यात धुतलं आहे मी हे. याचा जो रंग जायचा तो गेला. आता आहे तो याच्यासंगच मरन."

जाड सुताचं, दमदार लुगडं. उलगडलं तशा ओसरीवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लुगडं हिरवं होतं. धुऊन धुऊन कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखं फिकं झालेलं, पण हिरवंच. खेळात नत्थू नेहमी कोणाची तरी लग्नाची बायको असायचा. आणि वच्छलेनं गुलाबराव गेला त्या दिवशी हिरव्या बांगड्या फोडल्या होत्या.

नत्थूच्या ते तेव्हा ध्यानात आलं. त्याचा चेहरा पडला. "चुकलं माह्यं," तो म्हणाला. "मी काळं रंगवून देतो. सुपेल्यात रंगारी आहे."

"रंगवलं तं पुन्हा रंग जाईन ना गा," एक शेजारीण म्हणाली, आणि नत्थू कपाळाला हात लावून पायरीवर बसला.

वच्छला त्या सुतावर हात फिरवत होती. घेते म्हणायची हिंमत नव्हती आणि नको म्हणायचीही नव्हती. सगळ्यांचे डोळे सिंधुताईंकडे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला वच्छलेनं दारात उभं राहू नये, हे याच सिंधुताईंनी गोड शब्दांत सांगितलेलं सगळ्यांना आठवत होतं. सिंधुताईंनी पुन्हा सूप ओढलं, दोन खडे वेचून फेकले आणि मान वर न करता बोलल्या.

"तुमच्या हॉस्पिटलात सगळ्या आया पांढरं नेसतात ना वो? सवाष्णी बी?"

"हो. ड्यूटीचं असते ते."

"तं मंग. सवाष्णीनं पांढरं नेसलं तं कोणाचा नवरा मेला नाई. ते ड्यूटीचं, तसं हे बी ड्यूटीचं. पाण्यातली ड्यूटी. डॉक्टरनं लिहून देल्ली आहे." मग त्यांनी आजूबाजूच्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. "कोणाले काई बोलायचं असन तं आत्ताच बोला. मागून बोलाल तं मी बोलीन."

सिंधुताईंच्या मागून बोलण्याला सगळा ब्लॉक भीत असे.

राहिला प्रश्न ते पाण्यात न सुटण्याचा. तिथं तर नत्थू उस्तादच. त्यानं आपल्या खाकी हाफपँटवरच लुगडं नेसून दाखवायला घेतलं. ओसरीवर बायका दाटीवाटीनं बसल्या, पायरीवर दुपारच्या पाळीचे दोन गडी थबकले. जन्मापासून लुगडं नेसत आलेल्या बायका एका खलाशाकडून लुगडं नेसायला शिकत होत्या, आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. कमरेला आधी गाठ. एक नाही, गाठीवर गाठ. निऱ्या अरुंद. कासोटा पायांमधून असा ओढून घ्यायचा की कापडात हवेला जागा उरू नये, आणि मागं खोचताना त्याला पीळ द्यायचा. पदर कमरेला दोन वेढे घालून बाजूला बांधून टाकायचा.

"तुमचं लुगडं सुटलं तं लोक मान फिरवतात," नत्थू पीळ देता देता म्हणाला. "माह्यं सुटलं तं लोक सरकून पुढं येतात. म्हणून मले हे शिकावं लागलं."

मग त्यानं त्या लुगड्यात दोन गिरक्या घेतल्या, एक उडी मारली आणि चक्क उताणं पडून हातपाय झाडून दाखवले. एक चूण हलली नाही. पायरीवरच्या गड्यांनी शिट्टी घातली, तशी सिंधुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पाळीवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वच्छला ते लुगडं पिशवीत घालून तलावावर गेली ती आत न जाता फाटकाशीच उभी राहिली. आनंदराव बाहेर आले. ते माणूस वाईट नव्हते. पाणी बदलायला किती मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिनं लुगड्याची सगळी हकिकत सांगितली, नत्थूचं नावही लपवलं नाही. आनंदराव ऐकत गेले आणि मग त्यांनीच तोड काढली. आतून पांढरी एनॅमलची बादली आणली, तलावाच्याच पाण्यानं भरली, लुगडं त्यात बुडवायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची घेऊन समोर बसले. पोहून झालेल्या रशियन बायका केस पुसत भोवती जमल्या. कोणाला भाषा कळत नव्हती, पण बादलीकडे बघण्याला भाषा लागत नाही. बऱ्याच वेळानं आनंदरावांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, लुगड्याचा एक पिळा त्यावर पिळला आणि रुमाल उन्हात धरला.

रुमाल पांढराच होता.

"हरोशो!" गालिना म्हणाली. छान अशा अर्थाचा हा शब्द तेव्हा भिलाईत पोराठोरांनाही कळायचा. आनंदरावांनी फाटक उघडलं.

आता खरं पोहणं सुरू झालं, आणि ते सोपं नव्हतं. नदीत शिकलेल्या माणसाला एक सवय असते, आपण तरंगायचं आणि पुढचं नदीनं बघायचं. तलावात ढकलणारं कोणी नाही. पहिल्या दिवशी वच्छला मान वर काढून, हातांनी पाणी बडवत अर्ध्यात पोचली आणि गज धरून लटकली. छाती लोहाराच्या भात्यासारखी. त्या बायका मात्र डोकं पाण्यात, मध्येच तोंड बाजूला, पुन्हा डोकं पाण्यात, अशा न थांबता जात होत्या, भिंतीला हात लावून वळत होत्या आणि परत येत होत्या.

ते बघता बघता वच्छलेला बापाचा माग आठवला. त्यातला सूत वाहणारा धोटा असाच जायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याला कुठंच पोचायचं नसायचं, आणि संध्याकाळी बघावं तर कापड वाढलेलं असायचं. डॉक्टरबाईंचं म्हणणं तेव्हा तिला कळलं.

गालिनाला हिंदीचे दोनच शब्द येत, पानी आणि अच्छा. तेवढ्यावर तिनं वच्छलेला शिकवलं. वच्छलेच्या मानेवर आपला रुंद पंजा ठेवून तिचं तोंड पाण्यात घातलं आणि स्वतः पाण्यात बुडबुडे सोडून दाखवले. श्वास आत कोंडून ठेवायचा नाही, पाण्यात सोडून द्यायचा. वच्छलेच्या नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, डोळे लाल झाले. "अच्छा," गालिना म्हणाली आणि पुन्हा पंजा ठेवला. मग पाय. गुडघ्यातून नाही, मांडीतून हलवायचा. तो भालदाराच्या काठीसारखा पाय पाण्यात नुसता मागं-पुढं करायचा. गुडघ्याचं काही अडत नव्हतं, म्हणून गुडघाही काही बोलत नव्हता.

असे पावसाळ्याचे दिवस गेले. एक दिवस वच्छला त्या टोकाला पोचली. काही दिवसांनी जाऊन परत आली. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की आपण मोजायचं सोडून दिलंय. वळताना भिंतीला पाय लावून ढकलायचं गालिनानं दाखवलं होतं. आधी ती डाव्या, चांगल्या पायानंच ढकलायची. एका सकाळी नकळत उजवा लागला. गुडघा थोडासा वाकला आणि सरळ झाला. ती तिथंच थांबली, पाण्यात उभी राहिली आणि पाण्याखाली हात घालून गुडघा चाचपला. मग पुन्हा पोहायला लागली.

बादली मोरीपर्यंत नेताना भिंत लागेनाशी झाली. मेडिकल होईपर्यंत तिला उभ्यानं करायची कामं दिलेली. दुपारच्या ड्यूटीला ती वॉर्डात शिरायची तेव्हा केसांना तलावातल्या औषधाचा वास यायचा, आणि पेशंट बायका विचारायच्या, आयाबाई, आज इतक्या ताज्यातवान्या कशा? तिला पाण्यातल्या त्या घडीचं काय सांगावं ते कळायचं नाही. गुलाबराव गेल्यापासून अंगाला काम सोडून दुसरं काही ठाऊक उरलं नव्हतं. पाण्यात ते अंग कोणाची आया नव्हतं, कोणाची विधवा नव्हतं. नुसतं हलकं होतं. कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशात हिरवं लुगडं नेसलेली एक बाई दिसायची, तिच्याकडे पहिले काही दिवस वच्छलेनं पाहिलं नव्हतं. आता बघायची. क्षणभरच. मग पदराला वेढा घालून पाण्याकडे जायची.

सिंधुताई एकदा बघायला म्हणून आल्या. काठावर पाय सोडून बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. पुढं रोजच येऊ लागल्या आणि "धाव धाव, ती रशियावाली पुढं चालली" असं ओरडू लागल्या. आनंदरावांनी शांतता पाळायची विनंती केली. तेव्हा सिंधुताईंनी त्यांना शेंगदाण्याचे लाडू दिले.

दिवाळी आली आणि मेडिकल पुढं गेली. आणखी काही आठवडे, असं हॉस्पिटलात सांगितलं. इकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचा हंगाम. गावोगाव जत्रा, गावोगाव गंमत. नत्थू रजा टाकून निघणार हे वच्छलेला ठाऊक होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं लुगडं धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि घेऊन गेली. गुडघा सुटत आला होता, पण अजून पुरता नाही. उभ्यापासून अर्ध्यापर्यंत जायचा, मग अडायचा. हे तिनं बोलून दाखवलं नाही. नत्थूनं घडीकडे पाहिलं, तिच्या पायाकडे पाहिलं.

"बसून दाखवा," तो म्हणाला.

ती अर्ध्यात अडली.

"मंग नेता कावून? ठेवा. तुमची ड्यूटी संपली नाई अजून."

"आणि तुम्ही काय नेसाल?"

"मी यंदा राजा होतो," नत्थू म्हणाला. "लय वर्षं झाली, त्या राजाच्या शिव्या खाऊन राहिलो. आता जरा देऊन पाहातो."

बाई कोण होणार, असं तिनं विचारलं, तर म्हणाला शाहिराचा भाचा आहे, कोवळा आहे, शिकेल. तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं. त्यानं ट्रंक बांधायला घेतली. बाईच्या पार्टासाठी लोक ज्याची वाट बघायचे, तो गडी त्या वर्षी डोक्याला कागदी मुकुट लावून गावोगाव फिरला. तिकडून आलेल्या लोकांनी नंतर सांगितलं की असा राजा झाडीपट्टीनं पाहिला नव्हता. सिंहासनावर बसताना तो निऱ्या सावरायचा. प्रधानाला हुकूम देताना कमरेवर हात जायचा. लोक हसून हसून लोळले आणि दर गावी तोच राजा पुन्हा मागू लागले. नत्थूला ते कितपत आवडलं, देव जाणे. परत आल्यावर त्यानं फक्त एवढंच विचारलं, गुडघा कुठवर आला.

थंडी पडली. सकाळी तलावावर वाफ दिसायची आणि शिडीवर पहिला पाय ठेवताना वच्छलेचे दात वाजायचे. गालिनाचा तो उन्हाळाच चाललेला. एकदा आत गेलं, त्या टोकाला जाऊन आलं, की थंडी कुठं गेली ते कळायचं नाही. प्रत्येक खेपेला वच्छला मनात एकेकाचं नाव घेऊ लागली होती. देवाचं घ्यावं तसं. एक खेप डॉक्टरबाईंची. एक खेप सिंधुताईंची. एक आनंदरावांच्या पांढऱ्या रुमालाची. एक गालिनाच्या पंजाची. नत्थूच्या नावानं दोन, जायची आणि यायची. मग गुलाबरावाची, ज्यानं तिला या गावात आणलं. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून.

मेडिकलच्या दिवशी वच्छला सकाळी नेहमीसारखी पोहून आली, पांढरं नेसली आणि बाकावर रांगेत बसली. आत टेबलामागे एक मोठे डॉक्टर होते आणि बाजूला नागपूरच्या डॉक्टरबाई. मोठ्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि श्वास घ्यायला सांगितलं. तिनं घेतला तो इतका लांब आणि सोडला तो इतका सावकाश की त्यांनी नळी काढून तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग जुन्या प्लास्टरची गोष्ट निघाली. त्यांच्या कपाळावर आठी आली. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बसा," मोठे डॉक्टर म्हणाले.

वच्छलेनं दोन्ही हात जोडून छातीशी धरले, म्हणजे कुठं टेकायचा मोह नको. ती खाली जाऊ लागली. अर्ध्यावर, रोज अडायचा त्या जागी, गुडघा थबकला. तिनं श्वास कोंडला नाही. पाण्यात सोडावा तसा सावकाश सोडला. आणि गुडघा वाकला. आणखी वाकला. टाचा फरशीला टेकल्या, मांड्या पोटऱ्यांना टेकल्या, आणि वच्छला त्या खोलीच्या मधोमध चांगली ऐसपैस उकिडवी बसली. सुपेल्याच्या त्या चरानंतर पहिल्यांदाच.

"ठीक आहे. उठा," डॉक्टर म्हणाले.

वच्छला उठली नाही. डॉक्टरबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्यांना वाटलं, अडली. पण वच्छलेचा चेहरा अडलेल्या बाईचा नव्हता. तिनं फरशीवर तळवा टेकवून पाहिला, मग दुसरा टेकवला. इथून फरशी किती जवळ होती! पुसायला, काही उचलायला, एखाद्या पोराच्या उंचीला यायला.

"उठते ना डॉक्टरसाहेब," ती खालूनच म्हणाली. "उठता येते मले. पण जरा बसू द्या."

मोठ्या डॉक्टरांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि त्या तो पदरानं पुसू लागल्या. बाहेर बाकावरच्या पुढच्या आयेचं नाव पुकारायचं होतं, पण ते कोणी पुकारलं नाही. वच्छलेचं बसणं होईपर्यंत सगळे थांबले.